जॉर्जियाची प्रवेशपरीक्षा आणि आपली मुले

काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, काकेशस पर्वताच्या कुशीत वसलेला जॉर्जिया हा सुमारे ३७ लाख लोकवस्तीचा चिमुकला देश. आपल्या भागातून वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मुलांमुळे त्याचे नाव अलीकडे घरोघरी ऐकू येते. त्या देशाने उच्चशिक्षणात केलेल्या एका प्रयोगाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

१९९१ साली जॉर्जिया सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. त्यानंतर यादवी व आर्थिक डबघाई यांत प्राध्यापकांचे वेतन नाममात्र उरले आणि खासगी संस्था भूछत्रांप्रमाणे उगवल्या. प्रत्येक विद्यापीठ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेई. जे परीक्षक, तेच खासगी शिकवणी घेणारे. त्यामुळे शिकवणीची फी हा पुष्कळदा लाचेचाच सभ्य मुखवटा असे. वैद्यक आणि विधी या शाखांना मागणी अधिक, म्हणून तेथील ‘दर’ही अधिक. कॅपिटेशन फीचा काळ पाहिलेल्या आपल्या पिढीला या व्याधीची लक्षणे ओळखीची वाटतील.

नोव्हेंबर २००३ मधील ‘गुलाब क्रांती’नंतर आलेल्या सरकारने डिसेंबर २००४ मध्ये उच्चशिक्षणाचा नवा कायदा केला आणि प्रवेशाचा अधिकार विद्यापीठांच्या हातून काढून स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा केंद्राकडे सोपविला. जुलै २००५ मध्ये पहिली एकत्रित राष्ट्रीय परीक्षा झाली. तिची रचना मुळातून समजून घेण्याजोगी आहे. प्रश्नपत्रिका इंग्लंडमध्ये छापल्या गेल्या, पोलीस बंदोबस्तात आणल्या गेल्या आणि परीक्षेपर्यंत बँकेच्या तिजोरीत राहिल्या. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड होता. परीक्षागृहात कॅमेरे होते, आणि बाहेर थांबलेल्या पालकांना आतील दृश्य पडद्यावर दिसत होते. निकालाविरुद्ध दाद मागण्याचीही सोय होती. सारांश, माणसाच्या सचोटीवर विसंबून न राहता लबाडीला वावच राहणार नाही, अशी ही व्यवस्था होती. २०२४ मध्ये आपल्याकडील नीटच्या पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा मला त्या तिजोरीची आठवण झाली.

परीक्षेतील गुणांनुसार विद्यार्थ्यांना पूर्ण वा अंशतः शासकीय अनुदान मिळू लागले. हे अनुदान विद्यार्थ्यामागून जाई. तो मान्यताप्राप्त खासगी संस्थेत गेला तरी ते त्याला मिळे. अनेक निकृष्ट संस्था मान्यतेच्या चाळणीत गळाल्या. मे २००५ मध्ये जॉर्जिया युरोपातील बोलोन्या प्रक्रियेतही सामील झाला. २०१० पासून अझरबैजानी व आर्मेनियन भाषक मुलांना स्वभाषेतील एकाच चाचणीवर प्रवेश, एक वर्ष जॉर्जियन भाषेचे शिक्षण आणि मग चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, अशी सोय झाली. आपण सीमाभागातील माणसे. या सोयीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

मात्र प्रवेशद्वार स्वच्छ झाले म्हणजे घर सुधारले, असे होत नाही. खासगी शिकवण्या थांबल्या नाहीत. त्या नव्या परीक्षेच्या तयारीकडे वळल्या. खेड्यातील व गरीब घरांतील मुले मागेच राहिली. संशोधन आणि अध्यापन यांचा दर्जा परीक्षेने आपोआप उंचावत नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून सांगतो, ताप उतरणे निराळे आणि बाळाने बाळसे धरणे निराळे.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा पुढेच आहे. जिच्यामुळे जॉर्जियाची कीर्ती झाली, ती राष्ट्रीय परीक्षा परदेशी विद्यार्थ्यांना द्यावी लागत नाही. त्यांच्यासाठी निराळे दार आहे आणि त्या दारात बहुधा एजंट उभा असतो. सुधारणेचे श्रेय सांगून विकली जाणारी जागा त्या सुधारणेच्या कक्षेबाहेरची असते! तिबिलिसीच्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाची परंपरा १९१८ पासूनची आहे. पण एका संस्थेच्या पुण्याईवर साऱ्या संस्थांची पत ठरवता येत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सरकारने नवा आराखडा मांडला असून, सरकारी विद्यापीठांतील परदेशी प्रवेशांवर मर्यादा आणण्याचा विचार त्यात आहे. त्यामुळे गतवर्षीची माहिती यंदा लागू पडेलच असे नाही.

मी लस टोचलेली मुले आज बारावीला आहेत. त्यांच्या पालकांना मी ‘पाठवा’ किंवा ‘पाठवू नका’ असे सरसकट सांगत नाही. चार गोष्टी लेखी मागा, एवढेच सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता. यांपैकी एकही उत्तर संदिग्ध असेल, तर शेत गहाण टाकू नये. परतल्यावर आपल्याकडील परवाना परीक्षा आहेच. आणि तिच्यापुढे रुग्णाची खाट आहे. तेथे एजंट सोबत येत नाही.