कुल्या : पाटाची उपमा आणि चिकित्सेचा क्रम

धातुपोषणाचा विचार शिकताना आपण सर्वांनी क्षीरदधि, केदारीकुल्या व खलेकपोत हे तीन न्याय मुखोद्गत केले. त्यांपैकी 'केदार' म्हणजे वाफ्यांचे शेत आणि 'कुल्या' म्हणजे पाट, एवढ्यावर बहुधा अर्थबोध थांबतो. वस्तुतः हा शब्द अतिप्राचीन आहे. पाट डोहाला मिळावेत तसा सोम इंद्राप्रत जातो, अशी उपमा ऋग्वेदात आढळते. सुश्रुताचार्यांनीही शारीरस्थानाच्या ७ व्या अध्यायात ७०० सिरांचे वर्णन करताना बागेतील जलवाहिन्या व शेतातील कुल्या यांचाच दाखला दिला आहे.

'स्रोतस्' हा शब्द मात्र 'स्रु' म्हणजे स्रवणे, वाहणे या धातूपासून सिद्ध होतो. कुल्येत खणलेला मार्ग प्रधान, तर स्रोतसात वाहण्याची क्रिया प्रधान. म्हणून स्रोतस् म्हणजे केवळ नलिका, हा अर्थ अपुरा ठरतो. चरकाचार्यांनी त्याच्या पर्यायांत मार्ग, सिरा, धमनी यांच्याबरोबर स्थान व आशय हेही शब्द दिले आहेत.

उपमेचे मर्म शेतकरी जाणतो. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटकरी पाणी क्रमाने फिरवतो. पाटात गाळ साचला असता वरून अधिक पाणी सोडल्यास शेवटचा वाफा कोरडाच राहतो आणि पाट मध्येच फुटतो. शास्त्रभाषेत पहिला संग, दुसरे विमार्गगमन. राजयक्ष्म्यात स्रोतोरोधामुळे रक्तादी धातू क्षीण होतात, हा चरकोक्त विचार याच जातीचा. कृश रुग्णास अग्नी व स्रोतसे न तपासता बृंहण देणे म्हणजे तुंबलेल्या पाटात पाणी सोडणे होय.

औषधनिर्मात्यांनीही हा विवेक बाळगावा. वेष्टनावर 'स्रोतोशोधक' असे छापलेले दिसते. संधिनियमानुसार 'स्रोतःशोधक' हे रूप शुद्ध. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, शोधन कोणत्या स्रोतसाचे आणि दुष्टी कोणती? शार्ङ्गधराने स्रोतसांतील संचित दोष स्ववीर्याने बाहेर काढणाऱ्या द्रव्यास 'प्रमाथी' म्हटले व मरिच, वचा ही उदाहरणे दिली. स्रोतसे अवरुद्ध करणारे दही 'अभिष्यंदी' ठरवले. संगात उपयुक्त ठरणारे तीक्ष्ण द्रव्य अतिप्रवृत्तीत अपाय करू शकते. तेव्हा एकच विशेषण सर्व दुष्टींना लावणे शास्त्रसंमत नव्हे.

पाणी वाढवण्यापूर्वी ते कोठे अडले हे पाहावे, हाच या जुन्या शब्दाचा वैद्यास उपदेश.