एक गुंठा आणि दहा नॅनोसेकंद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माल घेऊन येणाऱ्या ट्रकचालकाला कारखान्याचे फाटक मोबाइलवर अचूक सापडते. त्याच मोबाइलने शेजारच्या गुंठेवारीतल्या प्लॉटची हद्द मात्र ठरवता येत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. मीटरमध्ये साधारण दहा बाय दहा. उघड्या आकाशाखालीही मोबाइलची चूक पाचेक मीटर भरते. ट्रकला ती जाणवत नाही, पण गुंठ्यात तेवढ्याने अर्धा प्लॉट शेजाऱ्याकडे जातो. उपग्रह दिशादर्शनाचे यश आपण आकाशातल्या यानांच्या खाती जमा करतो. गुंठ्याच्या मापाने पाहिले, तर त्याची खरी अचूकता जमिनीवरच्या व्यवस्थेवर ठरते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संदेश पाठवतात. तो पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळेत दहा नॅनोसेकंदांची गफलत झाली की अंतर तीन मीटरने चुकते. सापेक्षतेमुळे उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. ते दुरुस्त केले नाही तर चूक दिवसाला दहा किलोमीटरच्या वर जाईल. हे गणित केव्हाच सुटले आहे. उरते ती वातावरणाच्या वरच्या थरात संदेशाला होणारी दिरंगाई आणि भिंतींवर, पत्र्याच्या शेडवर आपटून येणारे संदेश. यातल्या पहिल्या दोषावर उतारा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची कायमस्वरूपी संदर्भ केंद्रे. केंद्राला स्वतःची जागा नेमकी ठाऊक असते. उपग्रहांवरून निघणारी जागा तिच्यापासून किती ढळते, ते पाहून दुरुस्ती इंटरनेटवरून भूकरमापकाच्या रोव्हरला, म्हणजे त्याच्याजवळच्या फिरत्या उपग्रह-ग्राहकाला, मिळते. रोव्हर सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीचा अंशही मोजतो, म्हणून चूक सेंटिमीटरांवर येते. परावर्तित संदेशांसाठी मात्र मोकळी जागाच शोधावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग आपल्या 'नाविक' या स्वदेशी उपग्रह दिशादर्शन यंत्रणेचे काय? त्याची गरज निर्विवाद आहे. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचा संदेश मुद्दाम बिघडवत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. अशा मर्जीवर देश चालत नाही. पण स्वतःची यंत्रणा सोपी नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळे बंद पडली. स्वदेशी अणुघड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर अवकाशात गेले. 'नाविक' भरवसा देतो. गुंठ्यापुरती अचूकता मात्र त्यालाही जमिनीवरच्या दुरुस्तीशिवाय देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोव्हर आला तरी बांधाची भांडणे का मिटत नाहीत? कारण जुने नकाशे शंकुसाखळी आणि फलकयंत्राने तयार झाले. त्यांत माणसाच्या हाताची चूक आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट कधी नकाशाबाहेर सरकलेली आहे. रोव्हर बिंदू कुठे आहे ते सांगतो, कोणाचा आहे ते सांगत नाही. तो निवाडा सातबारा, खरेदीखत, शेजाऱ्यांना दिलेली नोटीस आणि लागलेच तर न्यायालय यांचाच. तरीही लाभ उरतो. हद्दीचा दगड जेसीबीने उखडतो, कृष्णाकाठी पुरात वाहूनही जातो. नोंदलेले अक्षांश-रेखांश मात्र तो पुन्हा त्याच जागी बसवू देतात. म्हणून मोजणी मागताना 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळतील का, हे विचारून घ्यावे. लगतच्या खातेदारांसमोर खुणा पटवून घेतल्या, तर पुढची मोजणी जुन्या वादापासून नव्याने सुरू करावी लागणार नाही.