स्कॉफेलचा उतार आणि कोलरिजचे गद्य

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला सॅम्युएल टेलर कोलरिज (1772–1834) परिचित असतो तो मुख्यतः काव्यमीमांसक म्हणून. ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ (1817) या ग्रंथातील त्याचे कल्पनाशक्तीचे विवेचन साहित्यशास्त्राच्या अभ्यासात नेहमीच चर्चिले जाते. या ग्रंथापूर्वी पंधरा वर्षे, 1802 च्या उन्हाळ्यात, त्याने उत्तर इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात नऊ दिवसांची एकाकी पदयात्रा केली. या यात्रेत लिहिलेल्या पत्रांकडे प्रायः चरित्राचे साधन म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः अनुभव आणि त्याची काव्यातील परिणती यांच्या संबंधाविषयी ही पत्रे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित करतात.

यात्रेची पार्श्वभूमी विषण्ण होती. कोलरिजचे वैवाहिक जीवन विसकटले होते, प्रकृती ढासळली होती आणि अफूची सवय जडली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सारा हचिन्सन हिला उद्देशून लिहिलेल्या पद्यपत्रात आपली सर्जनशक्ती ओसरल्याची खंत त्याने व्यक्त केली होती. याच पद्यपत्रातून पुढे ‘डिजेक्शन’ ही प्रसिद्ध कविता सिद्ध झाली. अशा मनःस्थितीत 1 ऑगस्ट रोजी तो केझिक येथील ग्रेटा हॉल या आपल्या निवासस्थानातून बाहेर पडला. स्वयंपाकघरातील झाडूचा दांडा काढून घेऊन त्याने त्याची काठी केली. पाठीवरच्या पिशवीत एक सदरा, मोजे, थोडा चहा व साखर, कागद आणि लेखण्या असे मोजके सामान होते. बटरमिअर, एनरडेल, सेंट बीजचा समुद्रकिनारा, वॉसडेल, एस्कडेल आणि कॉनिस्टन असा सुमारे 100 मैलांचा फेरा करून तो 9 तारखेला घरी परतला.

यात्रेचा कळसाध्याय 5 ऑगस्टचा आहे. त्या दिवशी कोलरिज स्कॉफेल (964 मीटर) या पर्वताच्या माथ्यावर पोहोचला आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान तेथील एका दगडालाच मेज करून साराला पत्र लिहू लागला. आठवणीतून नंतर रचलेल्या प्रवासवर्णनाला जो नेटकेपणा येतो, तो या लेखनात नाही. डोळ्यांना दिसते आहे ते दिसताक्षणीच कागदावर उतरते. दृश्य पालटले की वाक्यही मध्येच वळण घेते.

उतरताना त्याने माहितीची वाट शोधली नाही. जी उतरण प्रथम शक्य दिसेल तिनेच निघायचे आणि पुढचे दैवावर सोडायचे, ही आपली खोड त्याने स्वतःच नमूद केली आहे. आज ‘ब्रॉड स्टँड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पायऱ्यांसारख्या कड्यांवरून तो हातांनी लोंबकळत एकेक टप्पा खाली उतरू लागला. प्रत्येक उडीबरोबर अंगाचा थरकाप वाढत गेला. अखेर अशी एक जागा आली की वर परतणे अशक्य झाले आणि पुढची उडी घेतली असती तर तोल जाऊन मृत्यू अटळ होता. तेथे तो उताणा पडला, स्वतःच्याच वेडेपणाला हसला आणि धावणाऱ्या ढगांकडे पाहत राहिला. विवेक आणि इच्छाशक्ती शाबूत असेपर्यंत कोणतेही संकट माणसाला जिंकू शकत नाही, या जाणिवेने त्याने ईश्वराचे मोठ्याने आभार मानले. नंतर खडकातील एक अरुंद भेग त्याच्या दृष्टीस पडली. पिशवी बाजूला कुशीकडे सरकवून तो तिच्यातून घसरत खाली आला. तेव्हा छातीवर घामोळ्यासारखे लाल पुरळ उठल्याचेही तो लिहितो. तत्त्वचिंतन आणि अंगावरचे पुरळ यांना एकाच पत्रात, एकाच सुरात स्थान मिळते, हे या गद्याचे वैशिष्ट्य होय.

आता याच अनुभवाची काव्यातील परिणती पाहावी. 11 सप्टेंबर 1802 रोजी ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये शामोनी खोऱ्यातील सूर्योदयावरील त्याचे स्तोत्र प्रसिद्ध झाले. स्कॉफेलवर आपल्या मुखातून एक स्तोत्र उत्स्फूर्तपणे बाहेर पडले; परंतु त्यातील भाव आपल्याकडच्या साध्या डोंगरांना पेलणारे नाहीत असे वाटल्यावरून आपण ते आल्प्सकडे वळविले, असे त्याने एका पत्रात सांगितले आहे. शामोनीला मात्र तो कधीच गेला नव्हता. शिवाय फ्रीडेरिके ब्रून या कवयित्रीच्या जर्मन कवितेचे ऋण त्याने मान्य केले नाही. 1834 मध्ये डी क्विन्सीने ही गोष्ट उघडकीस आणली.

या प्रकरणाची चर्चा बहुधा वाङ्मयचौर्याच्या अंगाने होते. परंतु वाङ्मयीन दृष्ट्या अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. उदात्ततेच्या रूढ कल्पनेला अनुरूप असा उंच पर्वत हवा, म्हणून कवीने स्वतःच्या पायांनी तुडविलेला पर्वत बाजूला सारला. स्तोत्रात भव्यता आहे, पण तेथे चालणारा माणूस नाही. त्याचे भय, त्याचे हसू आणि त्याचा घाम पत्रातच राहिला. सर्जनशक्ती ओसरल्याची तक्रार करणाऱ्या कोलरिजच्या हातून त्या ऑगस्टमध्ये अस्सल निर्मिती घडत होती. फक्त तिचे माध्यम पद्य नव्हते, आणि म्हणून कदाचित त्याला स्वतःलाही ती निर्मिती वाटली नसावी.

ग्रिग्ज यांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहाचे प्रकाशन 1956 पासून आणि कॅथलीन कोबर्न यांनी संपादित केलेल्या टिपणवह्यांचे प्रकाशन 1957 पासून सुरू झाल्यावर हे गद्य अभ्यासकांना सलगपणे उपलब्ध झाले. कोलरिजच्या कल्पनाविचाराचा अभ्यास करताना 1817 च्या सिद्धान्ताबरोबर 1802 चा हा उतारही विचारात घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.