सातबारावर आपले नाव आहे काय?

मुंबईच्या चाळीत दोन पिढ्या गेल्या, तरी "आमची गावाला जमीन आहे" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. पण ती कागदावर कोणाच्या नावे आहे, असे कुणी विचारले की आपण गप्प बसतो. आम्हीही असेच गप्प बसलो होतो.

आमच्या आजोबांची दीड एकर वतनी जमीन. वडील गिरणीत, काका गावी. आजोबा वारले तेव्हा काकांनी तलाठ्याकडे वारस सांगितले. दोघा भावांची नावे लागली, दोन आत्यांची राहिली. काकांच्या मनात कपट नव्हते. 'पोरी आपापल्या घरी सुखी आहेत' एवढाच विचार. पुढे वडील गेले. पुण्यानुमोदन करून आम्ही मुंबईला परतलो, वारसनोंद कोणाच्या ध्यानीही आली नाही. मग रस्त्यासाठी जमीन जायची वेळ आली आणि नोटीस निघाली ती मयत वडिलांच्या नावे! थोरली आत्या घरी आली नि म्हणाली, "त्या रानात मीपण खुरपलंय रे. माझं नाव कुठाय?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

बंधू-भगिनींनो, ही जमीन आपल्याला सहज मिळालेली नाही. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना गावाची वेठ करावी लागे. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली आणि कब्जाहक्काची रक्कम भरून जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या. त्या विकण्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट आली. म्हणून साध्या कागदावर अंगठा देऊन कोणी व्यवहार करू म्हणेल, तर सावध राहा.

सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. परंतु उलट सिद्ध होईपर्यंत त्यावरील नोंद खरी धरली जाते. नाव नसेल तर ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

घरातील माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे द्यावीत. मुलीही वारस आहेत. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांच्या मिळकतीत मुलीला 1956 पासून वाटा आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला. विधवा आईचे नाव तर आधी पाहावे.

वर्दीनंतर फेरफार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर प्रत लागते. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर ती पक्की होते. ती मान्य नसेल तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करावे. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो.

आम्ही तसेच केले. दीड वर्ष हेलपाटे घातले, रजा बुडाल्या, पण आत्याचे नाव लागले. धाकटी आत्या मात्र तेवढ्यात गेली. तिच्या मुलांची नावे लागली. तिने स्वतःचे नाव कागदावर पाहिले नाही, ही खंत आम्हाला कायमची राहिली.

आता उतारा इंटरनेटवर घरबसल्या दिसतो. घरातील शिकलेल्या मुलामुलीला गट नंबर देऊन सातबारा, आठ-अ काढायला सांगा. 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा चढला आहे का, तेही वाचा. जुने फेरफार तहसीलमधून नक्कल मागूनही पाहता येतात. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक दिवस तेवढ्यासाठी राखून ठेवा आणि बहिणीलाही सोबत न्या.