वाळूत भरवशाचा दोर

दोह्याहून मसईदमार्गे सीलाइनच्या वाळूच्या टेकड्या ओलांडून खोर अल अदैदला जाताना गाडी वाईट रुतते ती सबख्यात. वरून कोरडी दिसणारी ही खारी जमीन आतून चिखल असते. विंचचा दोर अडकवायला झाड नाही, म्हणून तो दुसऱ्या गाडीला लावावा लागतो आणि आजूबाजूला माणसं असतात. त्यामुळे दोराच्या बाबतीत मी कुणालाच काटकसर करू देत नाही.

पोलादी तार तुटली तर चाबकासारखी फिरते. डायनीमासारख्या धाग्याचा दोर इतका हलका की पाण्यावर तरंगतो. तुटला तरी कमी उसळतो. हूक मात्र उडू शकतो, तेव्हा दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही म्हणजे नाही.

नुसत्या ‘सिंथेटिक’ या लेबलवर जाऊ नका; नायलॉनही सिंथेटिकच, पण ते ताणलं जातं. धागा कोणता आणि दोर किती किलोला तुटतो, हे विचारा. विंच 4,300 किलोंचा असेल, तर दोर निदान दुप्पट क्षमतेचा घ्या.

डायनीमासारख्या दोराचा खरा शत्रू उष्णता. हा धागा साधारण 145 अंशांना वितळतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होतो. अनेक विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, तो उतारावर तापतो. म्हणून ड्रमकडच्या टोकाला उष्णतारोधक आवरण हवंच. दोर ज्यांवरून सरकतो ते, आधीच्या पोलादी तारेने ओरखडलेले जुने रोलरही बदला.

वाळूचे कण विणीत शिरून धागे आतून कापतात. घरी आल्यावर दोर पूर्ण सोडा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. कुठे लड तुटलेली किंवा वितळून कडक झालेली दिसली, तर तो दोर पुन्हा गाडीला लावू नका.