वेशीतली सून

कोरमंगल्यातल्या एका बागेत लक्ष्मम्माचं स्मारक आहे. भोवती स्टार्टअपची कार्यालयं, कॅफे, भाड्याची घरं. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली कितीतरी मराठी मुलं याच भागात राहतात. अशा गजबजाटात हे स्मारक आहे एका गरोदर सुनेचं.

कथा अशी. 1537 मध्ये येलहंक्याच्या केंपेगौडाने बंगळूर वसवायला घेतलं. बैलांच्या चार जोड्या चार दिशांना नांगर ओढत निघाल्या आणि पेठांच्या वाटा आखल्या गेल्या. भोवती मातीचा कोट चढू लागला. पण दक्षिणेची वेस काही टिकेना. दिवसा बांधावी, रात्री ढासळावी. जाणत्यांनी सांगितलं, वेस माणूस मागते आहे, तेही गरोदर बाई. केंपेगौडाने नकार दिला. त्याची सून लक्ष्मम्मा गरोदर होती; तिच्या कानावर मात्र ते गेलं होतं. ती रात्री एकटीच वेशीपाशी गेली, पूजा केली आणि तलवारीने स्वतःला संपवलं. त्यानंतर वेस ढासळली नाही. सासऱ्याने कोरमंगल्यात तिचं देऊळ बांधलं.

मराठी कानाला ही गोष्ट नवखी नाही. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा हीच आहे: बहामनी काळात बुरुज उभा राहीना, म्हणून बहिरनाक सोननाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात जिवंत गाडलं, आणि बहिरनाकाला इनाम मिळालं. कन्नड लोकगीतातली भागीरथी कोरड्या तळ्याला पाणी लागावं म्हणून जाते; तीही घरची धाकटी सून. बाल्कन देशांतल्या कोट-पुलांच्या गाण्यांत गवंड्याची बायको भिंतीत चिणली जाते. लोकसाहित्याचे अभ्यासक ॲलन डंडेस यांनी 1996 मध्ये या कथाबीजावरचे लेख एका ग्रंथात एकत्र केले.

बहुतेक ठिकाणी सूनच का? लेक गेली तर रक्ताचं माणूस जातं. सून दुसऱ्याच्या घरून आलेली. कथा तिच्या तोंडी स्वखुशी घालते आणि घरावरचा दोष उतरवते.

ही स्वखुशी मला अडवते, कारण मराठी दप्तरांत तिची दुसरी बाजू दिसते. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकल्या-विकत घेतल्या जात. बदकर्माचा आरोप आलेल्या बाईला सरकार शिक्षा म्हणून गुलाम करी आणि किल्ल्यावर, पागेत किंवा कोठारात कामाला लावी. म्हणजे किल्ल्याला बायका लागत होत्याच. फक्त एका झटक्यात नाही, तर जन्मभर. कागदावर कुणबिणीची किंमत येते, कित्येकदा नावही येतं. तिचं म्हणणं तेवढं येत नाही.

धन्याच्या घराची गोष्ट अशीच टिकते, याचा एक दाखला सातासमुद्रापलीकडचा. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, रेड नदीकाठी राहणाऱ्या जॉन बेलच्या घरात 1817 पासून चेटकीण शिरल्याचं सांगतात. 1820 च्या डिसेंबरात बेल वारला. 1894 मध्ये मार्टिन इंग्रमने या 'बेल विच'वर, म्हणजे बेलच्या चेटकिणीवर, पुस्तक काढलं. बेल गुलाम बाळगून होता. डीन नावाचा त्याचा गुलाम त्या कथेत येतो, तो चेटकिणीला काळ्या कुत्र्याच्या रूपात पाहिल्याचं सांगायला. डीनला त्या घरात खरी भीती कशाची वाटत असेल, हा पुस्तकाचा विषयच नव्हता.

इकडे हिंदुस्थानात 1843 च्या कायद्याने गुलामावरचा हक्क कोर्टात चालेनासा झाला. वेठबिगारी मोडायला स्वतंत्र भारताला 1976 चा कायदा करावा लागला. कर्नाटकात तिला 'जीत' म्हणतात.

बंगळूरच्या त्या मातीच्या कोटाने पुढे पुष्कळ धनी पाहिले. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. 1761 मध्ये हैदर अलीने किल्ला दगडात बांधवला. पुरंदरला इनाम मिळालं बापाला, बंगळूरला शहर मिळालं सासऱ्याला. लक्ष्मम्माला देऊळ मिळालं, तिथे हात जोडावेतच. पण वेस रात्री ढासळली की सकाळी तीच माती पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढत होती, ते कथेत नाही.