फांदीवरचा लगाम

जुन्नर तालुक्यातील येडगावचे धरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या जलाशयात माणिकडोहाचे पाणी कुकडी नदीने येते, तर आंबेगाव तालुक्यातील डिंभ्याचे पाणी कालव्याने येते. येथून निघालेला कालवा पुढे श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्याकडे जातो.

तुमच्या मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी, म्हणजे स्नायूंना हुकूम सोडणारी पेशी, काहीशी अशीच असते. वृक्षिका हे वरून येणारे प्रवाह, पेशीकाय हा जलाशय आणि अक्षतंतू हा बाहेर जाणारा कालवा. मात्र येथे पातळी ठराविक खुणेपर्यंत चढल्याखेरीज अक्षतंतूत काहीच जात नाही. स्वस्थ पेशीचा विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो सुमारे १५ मिलिव्होल्टने चढला की आवेग सुटतो. (जलाशय पुन्हापुन्हा भरतो तसे आवेगही एकामागून एक सुटतात. तुलना थोडी लंगडी आहे, पण चालेल.)

आता डिंभ्याच्या कालव्यावर वाटेत एका चारीचे दार उघडले तर? डिंभ्याचे पाणी घटेल, माणिकडोहाचे नाही. पण गळती येडगावच्या भिंतीलाच लागली, तर दोन्हीकडचे पाणी वाया जाईल. निरोधक चेतापेशी हेच करतात. त्यांनी सोडलेल्या ग्लायसिनमुळे पेशीच्या पटलातील क्लोराइडची दारे उघडतात आणि आलेला विद्युतप्रवाह तेथेच गळतो. दारे वृक्षिकेच्या एका फांदीवर उघडली, तर तिच्या टोकाकडून येणारे संदेश दुबळे होतात. बाकीच्या फांद्यांचे बहुतांशी शाबूत राहतात. पेशीकायावर उघडली, तर सगळेच दुबळे होतात. परिणामी पहिला आवेग सुटायलाच जास्त संदेश लागतात, आणि तेवढ्याच संदेशांना पेशी कमी आवेगांनी उत्तर देते. जॉन एकल्स यांनी मांजराच्या प्रेरक चेतापेशीत बारीक काचनळी खुपसून हे निरोधन मोजले. त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा लगाम तुटला तर काय होते, ते धनुर्वातात दिसते. उसाच्या रानात पायात बुडखा खोल घुसला आणि मातीतले जंतू जखमेत वाढले, की त्यांचे विष अक्षतंतूतून उलटे चढून मज्जारज्जूत पोहोचते. तेथे ते निरोधक पेशींत शिरते आणि ग्लायसिन बाहेर सोडण्यास लागणारे प्रथिनच कापते. सारी दारे बंद! मग भांडे पडल्याचा आवाजही पुरतो: जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. स्नायूंत दोष काहीच नसतो. पेशीत शिरलेल्या विषावर प्रतिविष चालत नाही. नवी टोके फुटेपर्यंत रुग्णाला आठवडेच्या आठवडे सांभाळावे लागते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टोचली जाणारी टी.डी. लस मात्र विषाला चेतापेशीत शिरण्यापूर्वीच गाठणारी प्रतिद्रव्ये तयार ठेवते.